सम्राट मुओनचं चुकलं कुठे?

राक्षस मारण्यात माझा हात धरणारा लेखक आमच्या अख्ख्या नेरिमा भागात नव्हता. ही बढाई नाही. माझी बायको चिझुएसुद्धा हे मान्य करते. फक्त ती म्हणते, त्याच हाताने घरातलं एखादं झुरळ मारलं असतंत तर जास्त उपयोग झाला असता. रविवारी सकाळी पोरं पुढ्यातला भात थंड करून टीव्हीवर ज्या जादूच्या मालिका बघतात, त्या लिहिणं हा माझा धंदा. डोंगराएवढा राक्षस यायचा, "जगाचा नाश करीन!" म्हणून डरकाळी फोडायचा, आणि शेवटची जाहिरात लागायच्या आत मी त्याला लोळवायचो. जगाचा नाश करून त्याला मिळणार काय, हे त्याला कुणी विचारलं नाही आणि मीही त्याला कधी तेवढं बोलू दिलं नाही.

हे सुख सुझुनाच्या मालिकेपासून संपलं. सुझुना ही आमची नायिका. डोंगरातल्या खेड्यातली पोर, हातात आजोबांची तलवार, खांद्यावर बोलणारं मुंगूस. इथवर सगळं नेहमीचं होतं. पण एके दिवशी दिग्दर्शक ओंदासाननी मला बोलावलं. ओंदासान स्टुडिओतच टेबलाखाली झोपतात, त्यामुळे हाक मारली की आधी त्यांचे पाय बाहेर येतात. पाय आले, मग ओंदासान आले आणि म्हणाले, "हिरुकावासान, या वेळचा खलनायक विचारवंत पाहिजे."

"म्हणजे चष्मा लावू त्याला?"

"चष्मा नको हो. विचारसरणी पाहिजे! हल्ली नुसता दुष्ट माणूस चालत नाही. त्याचं भाषण ऐकून बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, अरेच्चा, हा बरोबर बोलतोय की! आणि शेवटच्या भागात सुझुनाने त्याला तोंडी हरवायचं. तलवार काढायची नाही. तलवारीने मारला तर लोक म्हणतील, लेखकाला उत्तर सुचलं नाही."

"सुचेल की. त्यात काय एवढं!"

"नाही सुचलं तर वेळेवर सांगा. शेवटचा भाग किरिहाताला देऊ."

हा किरिहाता म्हणजे आमच्या स्टुडिओतला दुसरा लेखक. त्याच्या प्रत्येक मालिकेच्या शेवटी खलनायक "मला लहानपणी मित्र नव्हते" म्हणून हुंदके देतो आणि सगळे त्याला मिठी मारतात. राक्षस, मुंगूस, घोडा, सगळे. माझ्या मालिकेच्या शेवटी असली मिठी बघण्यापेक्षा मी स्टेशनबाहेर नूडल्सची गाडी लावली असती.

विचारसरणी शोधणं सोपं असतं, पण ती मंडळाकडून मंजूर करून घ्यायची म्हणजे नाकी नऊ येतात. आमच्या मालिकेत पैसे घालणाऱ्यांचं एक मंडळ होतं. त्यात बांधकामवाले, शिकवणीवर्गवाले आणि खेळणीवाले. माझा पहिला खलनायक जंगलं वाचवण्यासाठी शहरं पाडत होता. बांधकामवाल्यांनी दातांतून सूं करून हवा आत ओढली आणि म्हणाले, "थोडंसं अवघड आहे." आमच्याकडे 'थोडंसं अवघड आहे' याचा अर्थ 'मेलो तरी होऊ देणार नाही' असा असतो. दुसऱ्या खलनायकाला पोरांची परीक्षेतून सुटका करायची होती. या वेळी हवा शिकवणीवाल्यांनी ओढली. तिसऱ्याला जगात कुणी वरचा-खालचा राहू द्यायचा नव्हता. यावर मात्र कुणीच हवा ओढली नाही. प्रत्येकाने आपल्याहून वरच्याकडे पाहिलं, सगळ्यात वरच्याने छताकडे पाहिलं आणि बैठक आपोआप संपली.

त्या दिवशी तीन मेलेले विचारवंत बगलेत मारून घरी आलो, तर चिझुए चटईवर बसून एका खरबुजाकडे टक लावून बघत होती.

"शेजारच्या मुकोयामासाननी दिलंय. तेच घेऊन आले होते," ती म्हणाली. "अहो, पेटीतून दिलंय! पेटीतून! डिपार्टमेंट स्टोअरचं दिसतंय."

मुकोयामासान म्हणजे नगरपालिकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. बायको गेल्यापासून एकटेच राहतात. आता, पेटीतल्या खरबुजाची किंमत काय भयंकर असते ते आमच्या सासऱ्यांच्या ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांना दिलं होतं म्हणून मला ठाऊक आहे. आणि भेट आली की निम्म्या किमतीची परतभेट गेली पाहिजे. कमी गेली तर आपण चिकट ठरतो. जास्त गेली तर त्याहून वाईट, कारण उरलेल्याचं ओझं समोरच्याच्या डोक्यावर बसतं. चिझुएने रात्रभर विचार केला आणि भारी चहाचा डबा नेऊन दिला.

खरं तर खरबूज मुकोयामासानांच्या, उत्तरेत होक्काइदोला राहणाऱ्या लेकीच्या शेतातलं होतं. पेटी तिच्या पोरांच्या बुटांची होती, वरून कागद लावलेली.

तो चहाचा डबा उघडून मुकोयामासान हबकले असणार. दोन दिवसांनी टॉवेलांचा जोड आला. टॉवेलांना आमच्याकडून खारवलेला मासा गेला. माशाला साकेची बाटली आली. मी पीत नाही, पण बाटलीला काय माहीत? प्रत्येक वेळी दोघंही "आता फिटलं" म्हणायचे आणि प्रत्येक वेळी कुणाचं तरी चार पैसे जास्तच भरायचं. कपाट उघडलं की पेट्या अंगावर यायच्या. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं! शेवटी एका संध्याकाळी बिस्किटांची चवड माझ्या डोक्यात पडली आणि त्याच डोक्यातून सम्राट मुओन जन्माला आला.

मुओन म्हणजे उपकार न मानणारा. त्याच्याजवळ एक काळी घंटा. ती वाजली की कुणी कुणावर केलेले उपकार सगळ्यांच्या मनातून पुसले जातात. त्याच्या राज्यात आभार नाहीत, परतभेट नाही, कुणी कुणासमोर वाकत नाही. एका भाषणात तो महालाच्या सज्जात उभा राहून प्रजेला विचारतो, "मागितलं होतंस का तू ते खरबूज? नव्हतंस ना? मग ते आल्यापासून तुझी झोप का उडाली? साखळदंड लोखंडाचे असतात असं तुम्हाला वाटतं. मूर्खांनो, ते रंगीत कागदात बांधून येतात!"

लिहून झाल्यावर मी स्वतःच स्वतःसाठी टाळ्या वाजवल्या.

मंडळात कुणीही हवा ओढली नाही. उलट बांधकामवाल्यांनी डोळे टिपले. त्यांना वर्षअखेरीला साठ घरी भेटी पाठवाव्या लागत. मंजुरीच्या कागदावर शिक्के उमटले. तो कागद मात्र दोनदा परत आला, कारण एका कनिष्ठाने आपला शिक्का सरळ मारला होता. साहेबांच्या शिक्क्याशेजारचा शिक्का जरा त्यांच्याकडे कललेला लागतो, म्हणजे शिक्काही वाकून नमस्कार करतोय असं दिसतं. उपकाराचं ओझं झुगारून देणाऱ्या सम्राटाला अशी वाकून वाकून मंजुरी मिळाली.

मुओन धो धो चालला. पोरं ठीक आहेत, पण त्यांचे आईबाप टीव्हीपुढे बसायला लागले. सुझुनाची खेळण्यातली तलवार दुकानात पडून राहिली आणि मुओनची काळी घंटा संपली. मी गल्लीतून जरा छाती काढून चालायला लागलो. भीती होती ती एकट्या मुकोयामासानांची. खरबूज कुणाचं, हे त्यांना कळल्यावाचून राहणार नव्हतं. आणि खरोखरच खरबुजाचा भाग लागला त्याच दुपारी दाराची घंटा वाजली. मी मान खाली घालून दार उघडलं.

"हिरुकावासान," मुकोयामासान म्हणाले. त्यांचे हात रिकामे होते. "चाळीस वर्षं नोकरी केली मी. चाळीस वर्षं वरच्यांना भेटी, खालच्यांच्या भेटी, लग्नाच्या, मयताच्या, बदलीच्या! आमची ही गेली तेव्हा सांत्वनाला आलेल्या पैशांच्या पाकिटांच्या परतभेटी पाठवता पाठवता मला रडायलासुद्धा फुरसत झाली नाही. सम्राट बरोबर बोलतात. अगदी बरोबर बोलतात!"

"अहो, तो खलनायक आहे."

"असेना का!"

त्याच आठवड्यात गल्लीच्या मंडळाची सभा झाली. मुकोयामासाननी ठराव मांडला की आजपासून गल्लीत कुणी कुणाला काही देऊ नये, म्हणजे कुणाला परत द्यायला नको. अध्यक्षा तोनेयामाबाईंनी विचारलं, "कुणाची हरकत?" आधी हरकत घेणारा दिसायला नको म्हणून सगळे गप्प बसले आणि ठराव एकमताने पास झाला. बाहेर पडताना न्हावी इगुरो माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तुमचे आभार मानले असते, पण आता बंदी आहे."

सुरुवातीला मजा वाटली. कपाटाचं दार लागायला लागलं. फक्त गल्ली जरा गप्प झाली. पूर्वी गल्लीच्या मंडळाची सूचनांची फळी एका घरून दुसऱ्या घरी जायची, ती वाटीभर लोणच्याबरोबर जायची आणि लोणच्यामागून तासभर गप्पा. आता फळी दाराला टेकवून लोक पळायला लागले.

माझं लक्ष मात्र तिकडे नव्हतं. शेवटचा भाग समोर उभा होता. सुझुना महालात शिरते, मुओनसमोर उभी राहते, तोंड उघडते आणि मला काही सुचत नाही! मी पंधरा पानं लिहिली आणि पंधराही पानांवर मुओनने तिला निरुत्तर केलं. मी सुझुनाच्या तोंडी कृतज्ञता घातली, मुओन हसला. माणुसकी घातली, मुओन जांभई देऊन म्हणाला, "माणुसकीची परतभेट केवढ्याची?" काय बोलतो हो लेकाचा! माझाच मुलगा, पण मला त्याची चीड यायला लागली.

इगुरोकडे केस कापायला गेलो तेव्हा त्याला विचारलं. "मुओन चुकला कुठे?"

"चुकलाय कुठे?" त्याने कात्री थांबवली. "तुम्ही सुझुनालाच माफी मागायला लावा."

तोनेयामाबाईंनी सल्ला दिला, मुओन पायऱ्यांवरून घसरून पडू दे. चिझुए म्हणाली, "त्याचं लग्न लावून द्या. सासरच्यांच्या भेटी सुरू झाल्या की घंटाबिंटा विसरेल." ओंदासानांचे पाय टेबलाखालूनच म्हणाले, "आठवडा राहिलाय, हिरुकावासान. किरिहाताने मिठी लिहून तयार ठेवलीय. मुंगूसही आहे तिच्यात."

मी कोलमडलो असं समजू नका. मी मुळात खंबीर माणूस आहे. पण त्या रात्री जेवताना चिझुएने विचारलं, "वाढू का?" आणि मी म्हणालो, "नको, मग ते परत करावं लागेल." तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने ताट पुढे केलं.

आणि मग दाराला पिशव्या लटकायला लागल्या.

पहिली आमच्याच दाराच्या मुठीला लटकलेली दिसली. आत आंबट संत्री. चिठ्ठी नाही, नाव नाही. अख्ख्या गल्लीत आंबट संत्र्याचं झाड एकच, मुकोयामासानांच्या अंगणातलं. पण ते आपल्याला माहीत आहे असं कुणी कबूल करायला तयार नव्हतं. कारण माहीत आहे म्हटलं की ठराव मोडणाऱ्याचं नाव घ्यावं लागणार, आणि वर त्याची परतफेडही करावी लागणार!

"कुणी दिली असतील बाई?" चिझुए झाडाकडे पाठ करून म्हणाली.

"काही पत्ता नाही," मी कुंपणावरून लोंबणाऱ्या फांदीखालून वाकून जात म्हणालो.

पण हातपाय आवरतील तर ती चिझुए कसली! देणारा ठाऊक नाही, तेव्हा परत कुणाला द्यायचं? तिने डोकं लढवलं. सगळ्यांनाच द्यायचं. म्हणजे जो कोण असेल त्याला आपोआप पोचेल. पहाटे उठून तिने घावनासारखे गोड पोळे भाजले आणि प्रत्येक दाराला निनावी पुडी लटकवली. झालं! ज्यांनी काही दिलंच नव्हतं त्यांच्या दारातही आता पोळे. त्यांनाही देणारा ठाऊक नाही. त्यांनीही सगळ्यांना वाटायला सुरुवात केली. इगुरोने साबण वाटले, स्वतःच्या दुकानाचं नाव असलेले, नाव खरवडून. तोनेयामाबाईंचं लोणचं अख्खी गल्ली वासावरून ओळखते, पण वाटीला कागद बांधल्यावर गल्लीनेही ओळख सोडली. पूर्वी एका खरबुजाला एक चहाचा डबा जायचा. आता एका संत्र्याला गल्लीभर साबण! आमच्या कपाटाचं दार पुन्हा लागेना. आणि दिवसाउजेडी रस्त्यात भेटले की सगळे मान ताठ ठेवून म्हणायचे, "ठरावाने काय सुख झालं, नाही?"

शनिवारी सकाळी मी कचरा ठेवायला म्हणून दार उघडलं, तर मुकोयामासान वाकून आमच्या दाराच्या मुठीला पिशवी बांधत होते. आमची डोकी आपटली.

"मी इथे नाहीये," ते कपाळ चोळत म्हणाले.

"अहो, ठराव तुम्हीच मांडलात ना?"

"मी काही दिलेलं नाही. झाडाला लागतात हो! तुम्ही मला पाहिलंच नाही, म्हणजे परत द्यायचा प्रश्न नाही."

"मग देता कशाला?"

ते जरा वेळ त्या पिशवीची गाठ सोडत आणि बांधत राहिले. "आमची ही होती तेव्हा ती पहिलं फळ तोडायची, खायची, तोंड वेडंवाकडं करायची आणि म्हणायची, यंदा फार आंबट आहे हो. दर वर्षी तेच. आता मी एकटाच खातो. आंबट लागतं. पण ते सांगायचं कुणाला?" मग घाईघाईने म्हणाले, "परत काही नको, हिरुकावासान. नियम म्हणजे नियम. फक्त... आंबट होती का हो?"

"भयंकर आंबट होती," मी म्हणालो. "चिझुएचे दात दोन दिवस शिवशिवत होते."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. आजवर मी एवढे राक्षस मारले, पण हा माणूस रोज माझ्या कुंपणापलीकडे एकटा जेवत होता आणि मला त्याच्याकडून फक्त टॉवेल आलेले ठाऊक होते. मी कचऱ्याची पिशवी तिथेच टाकली (चुकीच्या जागी, त्याबद्दल तोनेयामाबाईंनी नंतर मला ऐकवलं) आणि आत जाऊन लिहायला बसलो. उठलो तो भाग संपवूनच.

ओंदासाननी तो टेबलाबाहेर बसून वाचला. असं ते कधी करत नाहीत. शेवटी एवढंच म्हणाले, "किरिहाताला सांगतो, मिठी पुढच्या मालिकेला ठेव."

शेवटचा भाग गल्लीने आपल्या मंडळाच्या हॉलमध्ये एकत्र बघितला. मी मागे उभा होतो. पडद्यावर सुझुना महालात शिरली. तिने वाद घातला नाही. सिंहासनाच्या हातावर एक संत्रं ठेवलं. "परत काही नको. आंबट आहे का, तेवढं सांग," म्हणाली आणि निघून गेली. मुओनने चिडून काळी घंटा वाजवली. त्याच्या मनातून देणारीचा चेहरा पुसला गेला, पण संत्रं तिथेच राहिलं. सम्राटाने ते खाल्लं. तोंड वेडंवाकडं केलं. सांगायला मान वळवली, तर कुणी नाही. मग तो महालभर पळत सुटला. पहारेकऱ्याला, आचाऱ्याला, घोडेवाल्याला, प्रत्येकाला वाकून विचारत गेला, "तू दिलंस का रे? फार आंबट होतं!" देणारा सापडेना, तेव्हा त्याने सगळं राज्यच तुकडे करून सगळ्यांना वाटून टाकलं, म्हणजे जो कोण असेल त्याला पोचेल. सुझुनाच्या वाट्याला एक अख्खा डोंगर आला.

दिवे लागले. मुकोयामासान पुढच्या रांगेत ताठ बसले होते. त्यांचे कान लाल झाले होते. ते उठले, माझ्याकडे वळले, आणि मी कौतुक ऐकायला मान खाली घातली.

"हिरुकावासान, हे बरं नाही केलंत," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "एका संत्र्याला डोंगर? पोरीने आता काय परत करायचं?"

"मालिका संपली, मुकोयामासान."

"तुमची संपली असेल. तिच्या डोक्यावर डोंगर आहे!"

"निम्मं म्हटलं तरी अर्धा डोंगर झाला," इगुरो म्हणाला.

"अर्धा डोंगर परत देता येतो का? शोभतं का ते?" तोनेयामाबाई म्हणाल्या. "त्यापेक्षा काहीतरी हातचं करून द्यावं. लोणचं दे म्हणावं."

निघालेले लोक परत बसले. कुणी खुर्च्या गोल केल्या, कुणी घरून संत्री आणली. या वेळी उघडउघड, हातात घेऊन. बंदी कुणालाच आठवली नाही, आणि लेखकाचं कौतुक करायचंही कुणाला आठवलं नाही. मुकोयामासान मधोमध बसून, संत्रं सोलून एकेकाच्या हातावर ठेवत, हातवारे करून भांडत होते, आणि प्रत्येक जण तोंड वेडंवाकडं करून त्यांना सांगत होता, "आंबट आहे हो!" माझे डोळे भरून आले. मग मीही खुर्ची ओढली आणि म्हणालो, "माझं विचाराल तर तिने त्याला चांगल्या चहाचा एक डबा न्यावा."

"तुम्ही गप्प बसा," चिझुए म्हणाली. "सम्राटाच्या घरी जायचं आणि नुसता चहा? लोक काय म्हणतील!"